आईची लुगडी पाठव

भुसावळ,
२ जानेवारी १९९१

चि. सौ. लीला हिला अक्काचा आशीर्वाद.

इकडे सारे ठीक. थंडी बोचते. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस की नुसती कण्हतेस?

नव्या वर्षाचा संकल्प केला आहे. कळण्याची भाकरी डोळे मिटून थापायची आणि गोधडीही तशीच, चाचपून शिवायची. काल पहिली भाकरी निम्मी तव्याबाहेर पडली. सूनबाई म्हणाली, "आई, गॅसपुढे ध्यान लावलंत का?" मी दुसरी थापली.

कारण सांगते, रडू नकोस. काचबिंदूने डावा डोळा गेला. उजवा वर्षभर पुरेल, असे डॉक्टर म्हणाले. देवचंदला सांगितलेले नाही. त्याची बढती तोंडावर आहे, मुलाच्या डोक्याला आणखी घोर नको. तूही गप्प राहा.

तुझ्याकडे धुळ्याला असलेल्या पेटीतली आपल्या आईची लुगडी पाठव. हिरवे कुठले, अंजिरी कुठले, हे दिसते आहे तोवर बोटांना शिकवून ठेवीन. गोधडी झाली की तुझ्याकडेच येईल. रंग कसे जुळले ते तू सांगायचे, आणि खोटे बोलायचे नाही.

उत्तर मोठ्या अक्षरांत आणि लवकर लिही. तुझे पत्र सूनबाईकडून वाचून घ्यायची वेळ येण्याआधी तुझ्याशी थोडे भांडून घ्यायचे आहे.

तुझी,
अक्का