हातानं चालणारी पाँटिअ‍ॅक

सॅगिनॉ, मिशिगन
९ एप्रिल १९९४

ती. व्हर्जिलदादास,
सा. न. वि. वि.

तू आणि ओपलवहिनी अ‍ॅरिझोनाच्या उन्हात भाजून निघत असाल. इथे अजून बर्फ आहे. बातमी अशी, की माझ्या खांद्यांनी राजीनामा दिलाय. व्हिएतनामच्या युद्धातून आल्यापासून चाकांची खुर्ची ढकलून ढकलून झिजले बिचारे. डॉक्टरीणबाई म्हणतात, गाडी चालवणं आता बंद. म्हणून आपली पाँटिअ‍ॅक विकायला काढली.

गिऱ्हाइकांना तोटा नाही. इंजिनाची डरकाळी ऐकली की प्रत्येकाची लाळ गळते. मग स्टिअरिंगशेजारचे तू बसवलेले दांडे दिसतात. हातानं ब्रेक आणि वेग सांभाळायचं हे लोढणं आधी उपटून टाकू, असं कालचा गृहस्थ म्हणाला. मी त्याला दार दाखवलं. मूर्खपणा केला का रे? तू सांगशील तसं करतो.

तुझ्या शब्दाची वाट पाहणारा,
लॉवेल

टूसॉन, अ‍ॅरिझोना
१७ एप्रिल

चि. लॉवेल यास अनेक आशीर्वाद.

मूर्खपणाच केलास, वहिनीचंही हेच मत आहे. अरे, ते दांडे म्हणजे भंगारातल्या ट्रॅक्टरचं लोखंड! तू दिवसदिवस खिडकीशी गप्प बसायचास, ते बघवेना, म्हणून गंजका सांगाडा आणून ती गाडी उभी केली. तिचं काम झालं. तू हिंडलास, नोकरी केलीस, वेगासाठी दंडसुद्धा भरलास! आता माझ्यापायी गिऱ्हाइकं हाकलू नकोस. दांडे काढ आणि मला पाठव, टोमॅटोच्या वेलांना आधार होईल.

खांदे शेकत जा. इथे रोज तुझी आठवण निघते.

व्हर्जिल

सॅगिनॉ, मिशिगन
६ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

टोमॅटोंसाठी दुसरं काहीतरी बघ. गाडी दांड्यांसकट गेली.

घेणारी बे सिटीची टेरेसा नोवित्स्की, शाळेत ग्रंथपाल आहे. घोड्यावरून पडली तेव्हापासून खुर्चीत. हातानं गाडी चालवायला शिकलीय, परवानाही आहे; पण बाबा चावी देईनात, स्वतःच सोडायचे-आणायचे. इथेही मोडता घालायलाच आले होते. एवढं दांडगं इंजिन पोरीच्या हातात कसं द्यायचं, हेच पालुपद.

मी शेजारी बसलो आणि तिनं नदीकाठानं गाडी फिरवून आणली. हात पक्का आहे. मग म्हणाली, एकटीनं एक चक्कर मारू का? मी बाबांकडे न बघताच हो म्हणून टाकलं.

दुपारची संध्याकाळ झाली, पोरीचा पत्ता नाही. म्हातारा दारातून हलेना. मी चेरीचा केक वाढला, त्यानं हात लावला नाही. पोलिसांना कळवू या म्हणाला. शेवटी लांबून डरकाळी ऐकू आली. केस विस्कटलेले, गाल लाल. थेट ह्युरॉन सरोवरापर्यंत जाऊन आली होती! कुठे चाललीस असं विचारायला कुणी नव्हतं, म्हणून जातच राहिले, म्हणाली.

वाटलं, म्हातारा आता भडकणार. तो नुसता मटकन खाली बसला, डोळे पुसले आणि म्हणाला, अपघातानंतर पोरीनं आज पहिल्यांदा मला वाट बघायला लावली. मग त्यानं केकचे दोन तुकडे खाल्ले.

दादा, मी गाडी घेऊन भटकून यायचो, तेव्हा तू नेहमी अंगणात काहीतरी ठोकत बसलेला असायचास. मला वाटायचं, किती कामं असतात या माणसाला! ती कसली कामं होती, ते आज कळलं.

आयुष्यभर तुझ्या मायेत राहिलेला,
लॉवेल