इंजिन नसलेली गाडी

चिमणे,

तुझी गाडी मी गॅरेजवर नेतोय, शोधत बसू नकोस. काल तुझ्याशी उगाच नाही भांडलो. जन्मभर इंजिनाला कान लावून जुन्या गाड्या पारखल्या आणि हिला इंजिनच नाही!

सकाळी बघतो तर गाडी ढिम्म. म्हटलं, फसली पोरगी. मग तुझं बोलणं आठवलं: "बाबा, मोठी बॅटरी मी तपासून घेतलीय, ठणठणीत आहे. गाडी अडलीच तर आधी बॉनेटखालची छोटी बॅटरी बघा." तीच उतरली होती. नवी घातल्याबरोबर गाडी जागी झाली.

आता गॅरेजवर सगळ्यांना सांगणार, ही माझ्या लेकीनं पारखलीय. फक्त चार्जर कुठे खुपसायचा ते संध्याकाळी घरीच दाखव. गॅरेजच्या पोरांसमोर नको.

बाबा