अ‍ॅडमिरलच्या सहीवर शिक्का

३ जानेवारी
आजपासून मी संग्राहक. दुर्मिळ पुस्तकं आणि ऐतिहासिक सह्यांचे कागद. निर्णय पूर्ण विचारांती घेतलेला आहे. कालच्या पेपरात आमच्या साडूंचा फोटो आला त्याच्याशी याचा काडीचाही संबंध नाही. साडू नाणी जमवतात. फोटोत ते भिंगातून नाण्याकडे बघतायत, पण नाणं दिसतच नाही, नुसते साडू दिसतात. हिने तो फोटो कापून फ्रिजवर लावला. बहिणीच्या नवऱ्याचं कौतुक असावं. पण तिथे माझ्या सत्काराचा फोटो होता, तो काढून हा लावला, याची इथे नोंद करून ठेवतो.

नाण्यांना अक्कल लागत नाही. कागदाला लागते. आणि कागदातलं मला कळतं तेवढं आमच्या अख्ख्या ऑफिसात कोणाला कळत नाही. रेकॉर्ड सेक्शन उगाच नाही माझ्याकडे.

५ जानेवारी
जागेचा प्रश्न. लेक नोकरीला परगावी गेल्यापासून मागची खोली रिकामी आहे. हिला तिथे शिवणवर्ग काढायचाय. मशीन सध्या पॅसेजमध्ये. तिथे उजेड नाही, सुईत दोरा ओवायला बाल्कनीत जावं लागतं, असं तिचं म्हणणं. गेली कित्येक वर्षं हेच म्हणणं.

तडजोड झाली. जूनमध्ये संग्राहक मंडळाचं प्रदर्शन असतं. मंडळाने माझा संग्रह घेतला तर खोली माझी, कायमची. नाही घेतला तर हिची. ही लगेच हो म्हणाली. बायको इतक्या पटकन हो म्हणते तेव्हा तिचा आपल्यावर पूर्ण विश्वास असतो.

११ जानेवारी
संकल्प. एक, फक्त पहिल्या आवृत्त्या. दोन, घाई नाही. तीन, आधी अभ्यास, मग खरेदी.

संध्याकाळी जुन्या बाजारातून दोन पोती पुस्तकं आणली.

१२ जानेवारी, रविवार
पोती निवडली. धुळीने शिंकून शिंकून हैराण. बरीच पुस्तकं चांगली आहेत, म्हणजे जाड आहेत.

एक मात्र अगदीच गबाळं निघालं. कपडे बेतायचं जुनं पुस्तक, कोट, शर्ट, फ्रॉकच्या आकृत्या. कोणीतरी पेन्सिलीने पानोपानी मापं खोडून दुसरी लिहिलेली. असल्या रेघोट्या मारलेल्या कॉपीला माझ्या संग्रहात स्थान नाही. हिने विचारलं, मी घेऊ का. घे म्हटलं. गाढवाला गुळाची चव काय, असं मनात आलं, पण बोललो नाही. संसार असाच टिकतो.

१६ जानेवारी
ही त्या पुस्तकातून साडूंच्या नातीचा फ्रॉक बेततेय. मशीनच्या तेलाचे डाग पडू नयेत म्हणून पुस्तकाला मांजरपाटाची पिशवी शिवलीय. पानं उलटायच्या आधी हात धुते, मग पुसते, मग उलटते. मी हसलो. एवढं करायला तो काय ऐतिहासिक दस्तऐवज आहे?

२ फेब्रुवारी
पुस्तकांची दशा बघवत नव्हती. कडा वेड्यावाकड्या, पानं खालीवर, बाहेरची कागदी वेष्टनं फाटकी. वेष्टनं रद्दीत दिली. पुस्तकं बाइंडरकडे नेली. चारी बाजूंनी सरळ कापून सगळ्यांना एकसारखं हिरवं रेक्झिन लावायला सांगितलं. बाइंडरने दोनदा विचारलं, नक्की कापू ना? नक्की म्हटलं. तिसऱ्यांदा त्याने विचारलं की ही पुस्तकं माझी स्वतःचीच आहेत ना. भारावून गेला होता बिचारा.

१४ फेब्रुवारी
पुस्तकं आली. हिरवीगार पलटण. सगळ्यांना जाड प्लास्टिकमध्ये घालून कडा गरम इस्त्रीने सील केल्या. हवा नाही, कीड नाही, ओल नाही.

वाचायचं राहिलं. आता उघडता येत नाहीत. संकल्प क्रमांक तीनमधला अभ्यासाचा भाग तूर्तास स्थगित.

१९ फेब्रुवारी
आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहावा, पण सोनेरी पेन वाळलंय.

जुन्या बाजारातल्या फर्निचरवाल्याकडे एका टेबलाच्या खणात तळाला अंथरलेला कागद सापडला. जुन्या आरमाराचा हुकूम. खाली खुद्द अ‍ॅडमिरलची सही, शाईची, शेपटीवाली. मजकूर असा की खलाशांनी डेकवर कपडे वाळत घालू नयेत, विशेषतः पाहुणे आलेले असताना. फर्निचरवाला म्हणाला, कागद असाच घेऊन जा. मी बाजारातून घरापर्यंत तो दोन्ही हातांवर धरून आलो. वाटेत एकाला वाटलं मी रिझल्ट घेऊन चाललोय.

खरं लिहायचं तर टेबलावर ठेवून त्याला नमस्कार केला. केवढा माणूस, केवढी जहाजं, आणि त्याची सही आमच्या जेवणाच्या टेबलावर.

२० फेब्रुवारी
रजा टाकली. कागदावर पद्धतशीर कारवाई केली.

आधी वरच्या कोपऱ्यात आवक क्रमांक, लाल शाईत. मग शिक्का. 'दुर्मिळ संग्रह, मूळ प्रत' असा गोल शिक्का मुद्दाम करून घेतलाय. निम्मा सहीवर आणि निम्मा बाहेर, नियमाप्रमाणे. आमच्या ऑफिसात सहीवर शिक्का नसेल तर कागदाला कोणी विचारत नाही. अ‍ॅडमिरल असले म्हणून काय झालं? मग डाव्या बाजूला पंच करून दोन भोकं. एक भोक नेमकं 'डेक' या शब्दावर पडलं, पण संदर्भाने कळतं. शेवटी ऑफिसात नेऊन लॅमिनेशन. आपल्या घरात गॅसवाल्याचा नंबर, लेकीच्या मार्कशीटा, लग्नाची पत्रिका, सगळं लॅमिनेट आहे आणि आजवर एकालाही काही झालेलं नाही. अ‍ॅडमिरल आता जलरोधक आहेत. त्यांना आवडलं असतं.

ही म्हणाली, कोणाला तरी विचारून करायचं होतं. कोणाला विचारणार? रेकॉर्ड सेक्शनमध्ये मीच आहे.

९ मार्च
साडू सहकुटुंब आले. मागच्या खोलीत नेऊन संग्रह दाखवला. हिरव्या पुस्तकांपुढे ते एक पाऊल मागे सरकले. अ‍ॅडमिरलपुढे खुर्ची ओढून बसले. भिंग खिशातून काढलं आणि न वापरता परत ठेवलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, छंद असावा माणसाला.

चेहरा पडला होता. पोटात दुखलं म्हणजे दुखलंच. मलाही जरा वाईट वाटलं. पण आपण काय करणार?

७ एप्रिल
मंडळाकडे अर्ज दिला. प्रकरण सविस्तर, परिशिष्टं जोडून.

हिने कोपऱ्यातल्या दिव्याखाली बसून फ्रॉक पूर्ण केला. डोळे चोळत होती. म्हटलं, जूनपर्यंत कळ काढ, मग तुला पॅसेजमध्ये मोठी ट्यूब लावून देतो. तिने दिवा आणखी जवळ ओढला. आनंद झाला असावा.

१८ मे, सकाळ
आज मंडळाच्या परीक्षक येणार. मोठ्या अभिलेखागारातल्या मॅडम आहेत, जुने कागद जतन करण्यात हयात गेलीय. तयारी चोख. पॅसेजमधलं मशीन चादरीखाली झाकायला सांगितलं. ही म्हणाली, काम आहे, झाकणार नाही. चार माणसांत शोभा करायची हौस.

त्याच दिवशी, संध्याकाळ
मॅडम आल्या. मी एक हिरवं पुस्तक हातात दिलं. त्यांनी विचारलं, सगळीच अशी केलीयत का? अभिमानाने सांगितलं, एकही सोडलेलं नाही. त्या खाली बसल्या. अ‍ॅडमिरल दाखवले तेव्हा पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाल्या, सही शंभर टक्के खरी आहे. पुढे म्हणाल्या की एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं एकाच ठिकाणी सगळं कधी पाहिलं नव्हतं. पंच कुठल्या मशीनने केलं तेसुद्धा विचारून लिहून घेतलं. बारकाई म्हणतात ती ही.

मी चहाचं बघायला गेलो तर मॅडम पॅसेजमध्ये हिच्याशी बोलत उभ्या. मांजरपाटाच्या पिशवीबद्दल विचारत होत्या. बायका भेटल्या की कापडाचा विषय निघायचाच. मी दोनदा हाक मारली तेव्हा कुठे त्या आत आल्या, आणि आल्यावरही मागे वळून वळून बघत होत्या.

२ जून
मंडळाचं पत्र. संग्रह स्वीकारला. एक-दोन वस्तू नव्हे, संपूर्ण. प्रवेशद्वारासमोरचं मोठं टेबल मला. आत जाणाऱ्या प्रत्येकाने आधी माझ्याकडे बघायचं.

पत्र हिला दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं आणि शांतपणे म्हणाली, बरं झालं. मशीनवर कापड घातलं आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली. सुई-दोरा नव्हता हातात. मी जरा घुटमळलो. पण करार म्हणजे करार.

८ जून
भाषण लिहितोय. सुरुवात, 'मी एक साधा माणूस.' हिने दोनदा काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, तिलाही मंडळाचं पत्र आलंय वगैरे. कुटुंबीयांना निमंत्रण पाठवतातच. म्हटलं, नंतर सांग, आता ओघ तुटेल.

ऑफिसातल्या सगळ्यांना बोलावलं. साहेबांनाही. साडूंना मुद्दाम.

१५ जून
हिने माझ्यासाठी नवा शर्ट शिवला. त्या रेघोट्यांच्या पुस्तकातून बेतलाय. काखेत ओढत नाही, गळ्याला काचत नाही. आयुष्यात पहिल्यांदा असा शर्ट घातला असेन. पुस्तकातली छापलेली मापं चुकीची आहेत, पेन्सिलीतली बरोबर आहेत, असं ती सांगत होती. मी आरशात भाषण म्हणत होतो.

२१ जून, सकाळ
प्रदर्शन. आज घरी येताना मी वेगळा माणूस असेन.

२१ जून, घरी आल्यावर
क्रमाने लिहितो.

टेबल प्रवेशद्वारासमोर होतं. गर्दी तुफान. अशी गर्दी साडूंच्या नाण्यांपुढे कधीच नव्हती. अ‍ॅडमिरल मधोमध, त्यांच्यावर दिवा सोडलेला. हिरवी पलटण रांगेत. मी शर्ट सारखा करून पुढे झालो. मग वरचा फलक वाचला. 'जुन्या कागदांचे काय करू नये.'

खाली बाण काढून एकेक मुद्दा. कडा कापू नयेत. मूळ वेष्टन टाकू नये. प्लास्टिकमध्ये कोंडू नये. अ‍ॅडमिरलच्या भोवती चार बाण होते, क्रमांक, शिक्का, भोकं आणि लॅमिनेशनला एकेक. मॅडमनी हळू आवाजात सांगितलं की पत्रात विभागाचं नाव स्पष्ट लिहिलं होतं. लिहिलं होतं. 'जतनविषयक प्रबोधन विभाग.' मला वाटलं माझ्याकडून लोकांचं प्रबोधन होणार. ते झालंच म्हणा.

त्या वाईट बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, खणाच्या तळातून हा कागद तुम्ही उचललात म्हणून निदान मजकूर तरी उरला. फक्त तो उचलल्यावर थांबायला हवं होतं.

साहेबांनी विचारलं, सहीवर शिक्का मारायचा नसतो का? खरंच विचारत होते. त्यांचं मी मनापासून आभारी आहे.

मग हॉलच्या मधल्या काचेच्या पेटीकडे गेलो, कारण साडू तिथे भिंग लावून उभे होते. पेटीत ते कपडे बेतायचं पुस्तक. शेजारी मांजरपाटाची पिशवी. पेन्सिलीच्या दुरुस्त्या खुद्द लेखकाच्या हातच्या आहेत, पुढच्या आवृत्तीसाठी केलेल्या. ती आवृत्ती निघालीच नाही, म्हणून जगात ही मापं याच एका प्रतीत आहेत. खाली कार्डावर हिचं नाव. माझं नाव कुठे नव्हतं. पेपरवाल्याने हिचा फोटो काढला. मला जरा बाजूला व्हायला सांगितलं.

ही म्हणाली, मी दोनदा सांगत होते. सांगत होती.

भाषण झालं नाही. लाज वाटली, हे लिहून ठेवतो. अ‍ॅडमिरलचीही वाटली. खणात निवांत पडले होते बिचारे.

२२ जून
कराराचा मसुदा, म्हणजे ५ जानेवारीची नोंद, बारकाईने तपासला. 'मंडळाने माझा संग्रह घेतला तर खोली माझी, कायमची.' घेतला. का घेतला, याबद्दल करारात एक अक्षर नाही. कायद्याने खोली माझी आहे. यात तसूभरही शंका नाही.

चहा घेताना हे हिला सांगणार होतो. ती बाल्कनीत सुईत दोरा ओवत होती. एक डोळा मिटून, हात लांब धरून. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा ओवलं.

दुपारी मशीन मी एकट्याने ओढत मागच्या खोलीत नेलं. खिडकीखाली लावलं. कंबर धरलीय. हिरवी पलटण कॉटखाली. हा सर्वस्वी माझा निर्णय आहे, पॅसेजमधून जाताना मशीन लागत होतं म्हणून.

१ जुलै
शिवणवर्ग सुरू. पाच जणी आल्या. फ्रिजवर पेपरातला हिचा फोटो लागलाय. मीच कापून लावला. साडू सध्या खाली, भाजीच्या कप्प्याच्या पातळीवर आहेत.

अ‍ॅडमिरल अभिलेखागाराने मागून घेतले. दर वर्षी नव्या शिकाऊ लोकांना दाखवणार आहेत. म्हणजे तसे पर्मनंट झाले.

हिला एक भेट दिली. वर्गाचं वेळापत्रक सुवाच्य अक्षरात लिहून, ऑफिसातून लॅमिनेट करून आणलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं, छान झालंय म्हणाली आणि खोलीच्या दारावर लावलं. खाली तिची सही होती. त्यावर गोल शिक्का मारू का, असं विचारलं.

नको म्हणाली.