उपरण्यापुरतं सूत

वसमत,
चैत्र, १९७४

तीर्थस्वरूप सटवाजीमामांना व्यंकटचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला थांबला का? इकडे सर्व क्षेम आहे, फक्त माझं चित्त ठिकाणावर नाही आणि त्याला कारण तुम्ही आहात. हट्टा गावच्या अमृतरावांना (म्हणजे माझ्या होऊ घातलेल्या सासऱ्यांना) तुम्ही सांगून आलात, की आमचा भाचा रोज सूत कातल्याशिवाय जेवत नाही. मामा, मी जेवतानाही दोनदा पाटावरून उठतो, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? अमृतराव पडले जुने खादीवाले. त्यांनी लगेच अट घातली, की नवऱ्यामुलाने स्वतः कातलेल्या सुताचं उपरणं घेऊनच बोहल्यावर उभं राहायचं. ज्याला टकळीपाशी बसवत नाही तो संसारात काय बसणार, असं त्यांचं म्हणणं. येत्या शुक्रवारी ते सूत बघायला येणार आहेत. सूत नाही तर नर्मदा नाही. आणि मला नर्मदाच हवी आहे (हे मामींना वाचून दाखवू नका).

दिवसभर मी खरेदी केंद्रावर गाड्याच्या गाड्या कापूस मोजून घेतो, पण त्यातला चिमूटभर माझ्या हाताला वश होत नाही. ओढला की तुटतो, नाही ओढला तर गाठ होते. चालता चालता जमेल म्हणून टकळी घेऊन अंगणात चकरा मारल्या, तर धागा शेजारच्या बकरीच्या शिंगात अडकला आणि आम्ही दोघं थेट द्वारकाबाईंच्या ओसरीत पोहोचलो. (या द्वारकाबाई नर्मदेच्या सख्ख्या मावशी, आमच्याच गल्लीत राहतात. अब्रूचं काय झालं असेल ते ओळखा.) त्याआधी पिंजाऱ्याकडून कातायला कापसाचे चांगले पेळू वळून आणले होते, ते आईने शिवरात्रीला औंढ्याला नेऊन नागनाथापुढे वाती म्हणून लावले. वर मलाच सांगते, की वाती फार झकास पेटल्या. तुमचीच बहीण, मी काय बोलणार? हाताने केलेल्या वस्तूत करणाऱ्याचं मन उतरतं म्हणतात. माझं मन उतरलेलं सूत मुठीत मावतं आणि जागोजाग तुटलेलं आहे.

आपला आज्ञाधारक,
व्यंकट

ता. क. खरं काम राहिलंच. मामींच्या पेटीत जुनं सूत आहे, ते शुक्रवारच्या आत पाठवा. थाप तुम्ही मारली, आता सूतही तुम्हीच द्या.

ता. क. दुसरा. पाठवू नका. पत्र पेटीत टाकायचं राहिलं, तेवढ्यात द्वारकाबाई हट्ट्याहून नर्मदेने दिलेला शेवयांचा डबा घेऊन आल्या. आई दुधात मूठभर सोडणार, तोच तिच्या हाताला दोरा लागला. शेवयांखाली सुताच्या गुंड्या होत्या, उपरण्याला पुरून उरतील एवढ्या.

ता. क. तिसरा. पत्र अजून माझ्याच खिशात आहे, आणि अमृतराव येऊन गेले. गुंडी उजेडाला धरली, धागा बोटांत चोळला आणि म्हणाले, "हे सूत आमच्या नर्मदाचं हाय. म्याच शिकवलंय तिला."

लग्न मोडलं असंच वाटलं.

"नवरदेव पसंत हाय का म्हून लई डाव इचारलं," ते म्हणाले, "पोरगी काही बोलून नव्हती राहिली. आता बोलली."

लग्नाची तिथी धरूनच गेले. मामा, मला रडू आलं. तेवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण त्यांना एसटीत बसवताना मी बोलून गेलो, की नर्मदेच्या लुगड्याचं सूत मी कातीन. तेव्हा पत्र मिळताच पहिल्या गाडीने निघा, टकळी घेऊन या, आणि मामींनाही आणा. लुगडं नऊवारी आहे.