सव्वा मिनिटासाठी टीव्ही

४ ऑक्टो., शनिवार
आईला बेळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. पडद्याचा मधला भाग गेलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही. कडेनं दिसतंय ते किती दिवस टिकेल सांगता येत नाही म्हणाले. समोरचं बघायचं तर आई आता मान वळवून बघते, कोंबडीसारखी. हे लिहायला नको होतं.
येताना बसमध्ये संकेश्वरपर्यंत तिकिटाच्या घड्या घालत बसली. मग म्हणाली, "इलासला एकदा हलता-बोलता बघू दे मला. मग जाऊ देत डोळे."
आठ महिने झाले विलासला जाऊन. माझा धाकटा भाऊ, सहा वर्षांनी लहान. त्याचा एकच व्हिडिओ आहे. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला भजी तळताना त्याच्या बायकोनं, रेखानं काढलेला, सव्वा मिनिटाचा. फोन डोळ्यांपुढं धरला तरी आईला नुसता उजेड दिसतो. भिंतीवरच्या फोटोवर तिचा विश्वास नाही. स्टुडिओवाल्यानं वि.ला गोरा केला, वर कोट घातला. जुना टीव्ही कधीचा बंद आहे. नवीन बघावा लागेल.

६ ऑक्टो., सोमवार
मधल्या सुट्टीत शाळेच्या ऑफिसात बसून माहिती काढली. चित्र म्हणजे सगळे ठिपके. एचडी रेडीत उभे सातशेच्या आसपास, फुल एचडीत हजार ऐंशी, फोर-केत त्याच्या दुप्पट. बत्तीस इंचीत बहुतेक एचडी रेडीच मिळतो. जाहिरातीत बाकी जे लिहितात त्यातलं निम्मं आपल्या कामाचं नाही.
विज्ञानाचे सर म्हणाले, आधी बसायची जागा मोजा, मग इंच ठरवा. घरी येऊन मोजली. आईच्या कॉटपासून भिंत सात फूट. कॉट सरकवली तर साडेचार.
वीस हजारांच्या वर जायचं नाही.

८ ऑक्टो., बुधवार
चुलते आले होते, अण्णा. टीव्हीचं त्यांच्या कानावर गेलंय. वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात नवी वस्तू आणायची नाही, एवढं पण कळत नाही का, म्हणाले.
आतून आई म्हणाली, "वरीस हुईस्तवर मला दिसंल का, ते सांगा की भावजी."
अण्णा चहा न घेता गेले.

११ ऑक्टो., शनिवार
शाळा सुटल्यावर दुकानात. निपाणीतलंच, स्टँडजवळचं. दुकानदार कन्नड बोलणारा पण मराठी चांगलं. आधी फुलं, मासे, डोंगर दाखवले. सगळंच चकचकीत. मी बाजूला जाऊन कडेनं बघत होतो, आई बघेल तसं. दोन टीव्ही कडेनं पांढुरके पडत होते. एक त्रेचाळीस इंची फुल एचडी तसा पडत नव्हता.
मग माझ्या फोनवरचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर नेला होता, तो दिला. म्हटलं, हे लावा.
विलासचा चेहरा भिंतीएवढा झाला आणि त्याचे चौकोन चौकोन पडले. डोळे कुठले, नाक कुठलं कळेना. आवाज मात्र स्वच्छ. "काढू नको गं, पीठ लागलंय तोंडाला." दोन गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. दुकानदारानं काही न विचारता बंद केला.
म्हणाला, "सर, टीव्हीत दोष न्हाई. ग्रुपवरनं आलेला व्हिडिओ हाय ह्यो. पाठवताना दाबून बारीक हुतोय. त्यात उरलेत तेवढेच ठिपके टीव्ही मोठे करून दाखवणार. कितीबी म्हागाचा घ्या. ज्या फोनवर काढलाय, त्यातनं आणा."
मी बत्तीस इंचीवर लावून बघायला सांगितलं. तिथं तो ओळखू येत होता. पण साडेचार फुटांवरनं आईला तेवढा पुरणार नाही.
तो फोन रेखाकडे आहे. चिकोडीला.

१२ ऑक्टो., रविवार
कुठंही लिहिलं नव्हतं. आज लिहितो.
त्या दिवशी सकाळी सहाला वि.च्या छातीत जळजळत होतं. डॉक्टरांना फोन करू का, असं रेखानं मला दारात येऊन विचारलं. मी दाढी करत होतो. म्हटलं, पित्त असेल, सोडा दे, झोपू दे. नऊ वाजता उठवायला गेली तर...
तेराव्याला आई सगळ्यांसमोर रेखाला बोलली. "तूच सोडा पाजून झोपीवलंस त्येला." रेखानं माझ्याकडं बघितलं. मी पत्रावळ्या मोजत होतो. मोजत राहिलो.
दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. परत कुणी बोलावलं नाही.

१४ ऑक्टो., मंगळवार
शाळेच्या मागं जाऊन फोन केला. अकरा वर्षं एका घरात, पण धाकट्या भावाच्या बायकोशी काय बोलायचं असतं. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा वि.मार्फत सांगायचो.
"बोला भावजी."
टीव्हीचंच सांगत बसलो. ठिपके, इंच, ग्रुपवर दाबला जातो ते. तिनं सगळं ऐकून घेतलं. व्हिडिओ आहे म्हणाली, रोज बघते म्हणाली. रविवारी बसनं अकरापर्यंत घेऊन येते. मग म्हणाली,
"सोडा कुणी द्यायला सांगितला, ते आत्तीस्नी ठावं हाय?"
आईला माहीत नाही म्हटलं.
"मी न्हाई सांगणार. आजवर न्हाई सांगितलं. पण मी उंबऱ्यात यायच्या आदी त्यास्नी ठावं असू दे."

१७ ऑक्टो., शुक्रवार
त्रेचाळीस इंची फुल एचडी घेतला. रेखाच्या फोनवरचा मूळ व्हिडिओ फुल एचडीच आहे, तिला विचारून घेतलं. मग फोर-के कशाला. बजेटमध्ये बसला. माणूस येऊन भिंतीला लावून गेला. अण्णा गल्लीतनं गेले, आत आले नाहीत.
आईनं हात लावून बघितला. एवढा मोठा का, म्हणाली.
रेखा येणार आहे, एवढं सांगितलं. आईनं तोंड फिरवलं. की बघायला मान वळवली, कळलं नाही.

१८ ऑक्टो., शनिवार
आज सांगायचं होतं. झालं नाही.

१९ ऑक्टो., रविवार
साडेनऊ. कॉट साडेचार फुटांवर सरकवली. सेट-टॉप बॉक्स जुना, त्यामुळं बातम्या धुरकट दिसतात, पण आई ऐकते आहे. रेखाचा मेसेज आला, बसमध्ये बसली.
जवळ जाऊन म्हटलं, आई, एक सांगायचंय. विलासचं.
"मग त्यो टीव्ही बंद कर आदी."
बंद केला. तेवढ्यात चहा उतू गेला म्हणून आत आलो आणि हे लिहितोय. बाहेर ती काळ्या काचेकडं मान वळवून बसली आहे. गॅस बंद केला. दोन कप गाळले. आता जातो.