मेहरकला आणण्याचा मुहूर्त

शाबान ४, शनिवार
सकाळी मशिदीत तर्कशास्त्राचा पाठ. दुपारी कबरस्तान. बायको गुलनूश जाऊन चाळीस दिवस झाले. लेक मेहरक अजून आजीकडे, तांबट गल्लीत. सासूबाईंचा निरोप आला: पुढच्या शनिवारी ऊन पडताच मी काफिल्याबरोबर हेरातला निघणार, त्याआधी पोरीला नेलं नाहीस तर ती माझ्याबरोबर येईल. उद्याच आणतो.

शाबान ५, रविवार
गेलो नाही. शेजारचे बुंदार ज्योतिषी दारातच आडवे आले. म्हणाले, "मास्तर, आज आणाल तर पोरगी जन्मभर तुमच्याशी बोलायची नाही. तुम्ही आधीच असे घुमे." ज्योतिषावर माझा काडीचा विश्वास नाही. त्याच्या खंडनाची सत्तावीस प्रमाणं लिहून झाली आहेत. पण पोरगी योगायोगाने गप्प राहिली, तर हा गृहस्थ निशापूरभर मिरवेल. म्हणून थांबलो.

शाबान ७, मंगळवार
खंडन पक्कं करायचं तर विरोधकाचं हत्यार चालवता आलं पाहिजे. ओळखीच्या एका हाजींकडून पितळी ग्रहयंत्र आणलं. सहज मुहूर्त काढून पाहिला.

शाबान ९, गुरुवार
चंद्र वृश्चिकेत, म्हणजे अशुभ. अर्थात मला त्याचं काही नाही. घरी पाठ करत होतो: 'मेहरक, जेवलीस का?' पुढचं सुचेना. तिच्याशी बोलायचं काम गुलनूशचं होतं.

शाबान १०, शुक्रवार
उत्तम मुहूर्त उद्या, अगदी सूर्योदयाला. काफिला ऊन पडल्यावर निघणार, म्हणजे वेळेत पोचतो. रात्र किती लांब ते यंत्राने दिलंय; सूर्यास्तापासून घटिकापात्राने ती मोजत बसणार.

शाबान ११, शनिवार, पहाटे
बाहेर लख्ख ऊन आहे. यंत्राप्रमाणे सूर्योदयाला अजून पाऊण तास आहे. इंद्रियं फसवतात, हे मी दरवर्षी शिकवतो. थांबलो.

त्याच दिवशी, दुपारी
गल्लीत पोचलो तेव्हा उंट मेहरकला घेऊन वेशीबाहेर गेले होते. तांबट म्हणाला, "मास्तर, झोप लागली होती का? पोरगी गाठोडं घेऊन पायरीवर बसली होती. आजी ओढत होती, तर म्हणे, बाबा येतील, त्यांना कुठेही पोचायला उशीरच होतो."
यंत्राची तबकडी उलटून पाहिली. कडेला शहराचं नाव कोरलंय: सना. हाजींनी यंत्र यमनहून आणलं होतं. तिथे उन्हाळ्यात सूर्य इथल्यापेक्षा उशिरा उगवतो. इथली तबकडी वेगळी लागते.
ही चूक ज्योतिषाविरुद्धचं अठ्ठाविसावं प्रमाण होईल. लिहायला घेतलं, एक ओळ झाली नाही.
तिच्यासाठी सतरंजी अंथरली होती. ती अंगणात नेऊन झाडली, घडी घातली.