घराण्यातलं मौन

दि. २ जून

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. दुकानात शाळेच्या वह्या आणि कचेरीची रजिस्टरं बांधणीला येऊन पडली आहेत, मान वर करायला सवड नाही. तरी त्यातूनच एक जाड ताव उरला, आणि त्यावर मी आपल्या घराण्याची वंशावळ काढायला घेतली आहे. आधी पेन्सिलीने, खात्री झाली की शाईने. तू म्हणशील, याला सांगितलेली भाजी आणायची आठवत नाही आणि निघाला पूर्वज शोधायला. हस खुशाल.

ज्यांनी मौन घेतलं त्यांच्या नावापुढे लाल टिंब देतो आहे. पणजोबा, आजोबा, थोरले काका. तिघेही पन्नाशीच्या सुमारास बोलणं सोडून देवाकडे वळले, हे आपण लहानपणापासून ऐकलं. बाबा छत्तिसाव्या वर्षीच गेले, त्यांचं कळायला मार्ग नाही. मलाही येत्या वर्षी पन्नासावं लागेल. हल्ली प्रार्थनेला बसलो की शब्द आपोआप गळून जातात, नुसती शांतता उरते. ही कृपाच, दुसरं काय.

काकू तुझ्याच गल्लीत आहेत. काकांनी मौन कोणत्या साली घेतलं, तेवढं विचारून कळव.

लोभ आहे तो असाच राहू दे.
तुझा धाकटा

दि. १४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

काकूंकडे दोनदा जाऊन आले. पहिल्या खेपेला त्यांनी विषयच टाळला. माझ्या हातातल्या झंपराची बाही ओढली गेली आहे म्हणाल्या, आणि चाळीस वर्षं शिवणकाम करून हेच शिकलीस का म्हणून मलाच सुनावलं. दुसऱ्या खेपेला कागदाचं नाव काढलं तशा घाबरल्या. तोंडी आलं ते तोंडीच जाऊ दे, लिहिता कशाला, असं म्हणता म्हणता रडायला लागल्या.

काकांनी मौन घेतलंच नव्हतं रे. त्यांचे शब्द गेले. आधी वस्तूंची नावं गेली, मग माणसांची. चमचा हवा असला तर बोट वाटीत फिरवून दाखवायचे. लोकांनी हसू नये म्हणून काकू सांगत सुटल्या की ह्यांनी मौन धरलं. हे सांगायचं त्यांना त्यांच्या सासूने, म्हणजे आपल्या आजीने शिकवलं. आजीला तिच्या सासूने. वेळ आली की असं सांग, मान राहतो.

तू कृपेबद्दल लिहिलंस ते पुन्हा काढून वाचलं. खरं लिही. शांतता येते, की शब्द आठवत नाहीत?

तुझी काळजी करणारी,
ताई

दि. २१ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीन दिवस खिशात घेऊन हिंडलो. आता खरं लिहितो.

कागदाची घडी दाबायची माझी हाडाची पट्टी तुला ठाऊक आहे. तीस वर्षं हातात आहे. फेब्रुवारीत गिऱ्हाइकाला ती पलीकडून उचलून द्या म्हणायचं होतं, आणि ते चपटं, ते, ते, एवढंच तोंडातून निघालं. तो हसला, मीही हसलो. प्रार्थनेचं म्हणशील तर चौथी ओळ येत नाही. तीन ओळी होतात आणि पुढे शांतता. मी तिला देवाचं देणं समजून हात जोडत होतो. आता डोळे मिटायचीच भीती वाटते.

तावावरची तीन लाल टिंबं माझ्याकडे बघत बसतात. खोडून टाकू का? लेक बावीस वर्षांची आहे, तिचं लग्न ठरायचं आहे. न लिहिलं तर तिला कळणार नाही, लिहिलं तर सगळ्या जगाला कळेल. घरात अजून कुणाला बोललो नाही.

तू आशीर्वाद देत राहा.
धाकटा

दि. २७ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

खोडू नकोस. आधी डॉक्टर गाठ. कदाचित थकवाही असेल, तू लहानपणापासून राईचा पर्वत करणारा.

मीही काही शूर नाही. तुझ्या कागदावर टिंबं फक्त पुरुषांपुढे आहेत. बायकांचं कुणी विचारलंच नाही. आत्या शेवटी गप्प असायची, ती रागीट म्हणून असं आपण धरून चाललो. आता रोज सकाळी मी शिवणयंत्राच्या एकेका भागाचं नाव मोठ्याने घेते. शेजारीण विचारते, एवढ्या सकाळी कोण गिऱ्हाईक आलंय?

लेकीला कळायलाच हवं. सासवांनी सुनांना पढवलेलं ते खोटं तिच्यापर्यंत नको. पण त्याआधी माझ्या भावजयीला सांग. आजच.

ताई

दि. ५ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगायला गेलो, तर सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी कागदाचा व्यापारी दुकानात आला आणि हात जोडून म्हणाला, वहिनी सांगत होत्या, तुम्ही हल्ली मौनाकडे वळलात, भाग्यवान आहात. घरी विचारलं तेव्हा ही भिंतीला टेकून खाली बसली. लग्नाच्या वर्षीच काकूंनी तिला पढवून ठेवलं होतं.

येत्या गुरुवारी डॉक्टरांकडे जायचं आहे, ही बरोबर येते आहे. काल लेकीला समोर बसवून सगळं सांगितलं. ती दौत पुढे सरकवून म्हणाली, लिहा बाबा, आत्याआजीचंही लिहा. तिघांच्या टिंबांपुढे मी शाईने लिहिलं, शब्द जाण्याचा आजार. आत्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह केलं.

माझ्या नावापुढे पेन्सिलीने या फेब्रुवारीची तारीख घातली. हिने ती वाचली, दौतीतला टाक उचलला, तारखेवर रेघ मारली आणि खाली आपल्या अक्षरात दुसरी तारीख लिहिली. शाईने. ती तीन वर्षांपूर्वीची आहे.

त्या दिवशी मी कोणाचं नाव विसरलो होतो, असं मी विचारलं. ही सांगत नाही.

माझ्यासाठी प्रार्थना कर, चारही ओळी म्हण.
तुझा धाकटा